दप्तर घरचे, इतिहास गावाचा

ओतूर ज्या जुन्नर तालुक्यात वसले आहे, त्याच तालुक्यातील शिवनेरी किल्ल्यावर शिवछत्रपतींचा जन्म झाला, हे सर्वश्रुत आहे. मात्र तो कोणत्या वर्षी झाला, याविषयी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बखरींवरच भिस्त होती व त्यानुसार इ. स. १६२७ हे वर्ष सामान्यतः मानले जात असे. भोर तालुक्यातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक जुनी शकावली सांभाळून ठेवलेली होती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात प्रसिद्ध झाली. तीत शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंदलेली होती. पुढे इतर साधनांनी तिला पुष्टी मिळाली व २००१ साली महाराष्ट्र शासनानेही हीच तारीख स्वीकारली. शिवनेरीवरील एवढ्या मोठ्या घटनेचा उलगडा झाला, तो एका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या कागदांमुळे.

असे कागद नष्ट होण्यापूर्वी गोळा व्हावेत, याच तळमळीतून इतिहासाचार्य वि. का. राजवाडे व सरदार खं. चिं. मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात या मंडळाची स्थापना केली. त्यापूर्वीच राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरील दप्तरे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रकाशित केला होता. मंडळाने केवळ संग्रह करून समाधान मानले नाही. सभांतून निबंध वाचले जात, त्यांवर चर्चा होई आणि अहवाल व त्रैमासिकाच्या द्वारे ते सर्वांपर्यंत पोहोचत. जतन आणि प्रकाशन ही या कार्याची दोन चाके होत. एक निखळले की गाडा अडतो.

गावचा इतिहास म्हणजे केवळ राजांचा इतिहास नव्हे, याची साक्ष जुन्नरच्या लेण्यांत मिळते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेथील एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. त्या व्यापाऱ्यांची दुकाने उरली नाहीत, परंतु त्यांचे दान आजही वाचता येते. याच पुणे जिल्ह्यात मावळातील पाले येथे अरहंतांना वंदन करून आरंभ होणारा ब्राह्मी लेख आहे. डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शोभना गोखले यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले. तशाच वंदनाने सुरू होणारा आणखी एक लेख लोहगडाच्या परिसरात २०१९ साली प्रकाशात आला, तो डोंगरभटकंती करणाऱ्या अभ्यासू मंडळींमुळे. स्थानिक माणसाची डोळस नजर ही इतिहासाची पहिली संशोधक असते.

जैन परंपरेला तर ज्ञानजतनाचा हा संस्कार नवा नाही. कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीच्या दिवशी, ग्रंथ बाहेर काढून त्यांची स्वच्छता व पूजन केले जाते. जैसलमेर व पाटण येथील ज्ञानभांडारे याच श्रद्धेने टिकली. मूडबिद्री येथे शतकानुशतके ताडपत्रांवर सुरक्षित राहिलेला षट्खंडागम डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून प्रसिद्ध होऊ लागला, तेव्हाच तो सर्वसामान्य अभ्यासकाच्या हाती आला. ग्रंथ सुरक्षित राहणे हे पुण्य खरे, पण तो वाचला जाणे ही त्या पुण्याची सिद्धी होय.

ओतूर हे कल्याण-नगर मार्गावरील, माळशेज घाटाच्या वाटेवरचे बाजाराचे गाव. अशा गावातील व्यापारी कुटुंबांचा इतिहास ताम्रपटांत सापडणार नाही. तो रोजमेळात, खतावणीत, हुंड्यांत, मोडी व महाजनी लिपीतील पत्रांत, चातुर्मासाच्या आमंत्रणपत्रिकांत, देणगीच्या पावत्यांत आणि जुन्या छायाचित्रांत असतो. कोणत्या वर्षी धान्याचा भाव काय होता, कोणती वाट चालू होती, टंचाईत कोणी कोणास हात दिला, हे त्यावरून कळते. हे कागद जपणारे हात वृद्ध होत आहेत आणि त्यांवरील लिपी वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. घराची डागडुजी निघाली की निरुपयोगी म्हणून पहिला बाहेर पडतो तो माळ्यावरचा गठ्ठा, आणि रद्दीत गेलेला कागद पुन्हा घरी येत नाही.

यासाठी मोठ्या इमारतीची वा निधीची गरज नाही. मूळ कागद ज्याचा त्याच्याच घरी राहावा, परंतु त्याची छायाप्रत एका ठिकाणी संग्रहित व्हावी. छायाचित्राच्या मागे व्यक्तींची नावे व वर्ष शिसपेन्सिलीने हलकेच लिहावे. कागद चिकटपट्टीने जोडू नयेत, ते कोरड्या जागी सुती रुमालात बांधून ठेवावेत. ज्येष्ठांच्या आठवणी तारखेसह उतरवून घ्याव्यात आणि ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच नोंदवावी. वर्षातून एकदा, ज्ञानपंचमीच्याच दिवशी, ग्रंथांसोबत ही घरची दप्तरेही उघडली जावीत व त्यांतील एखादा कागद तरुणांसमोर वाचला जावा.

सुवर्णमहोत्सवात पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा घेतला जातो. पुढील पन्नास वर्षांनी असा आढावा घेऊ पाहणाऱ्यांच्या हाती काय असेल, हे मात्र आज ओतूरच्या घरांतून काय जपले जाते, यावरच अवलंबून आहे.