वंदा, बांडगूळ आणि आमरी

कोकणात परसातल्या आंब्याच्या खांदीवर पट्ट्यासारख्या पानांचा झुबका दिसला, की घरातले कुणीतरी सांगतेच, "बांडगूळ लागलंय, काढून टाका." पुष्कळदा ती आमरी, म्हणजे ऑर्किड, असते. कोयता चालवण्याआधी जो क्षणभर थांबून वर पाहील, त्याच्यासाठी हे पुस्तक आहे.

हा घोटाळा आजचा नाही. झाडावर उगवणाऱ्या झाडाला संस्कृतात 'वंदा' म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम जोन्स यांनी तोच शब्द एका आमरीसाठी वापरला, आणि रोपवाटिकांत आज 'वांडा' म्हणून विकली जाणारी प्रजाती तो मिरवते आहे. त्या एका नावाखाली दोन अगदी वेगळे स्वभाव नांदत होते. बांडगूळ आपली शोषक मुळे फांदीच्या आत घुसवते आणि तिचे पाणी पळवते. आमरी सालीच्या बाहेरच राहते. तिला आंब्याकडून हवी असते ती फक्त जागा. वनस्पतिशास्त्र अशा झाडांना अपिवनस्पती म्हणते.

मग ती जगते कशावर? याचे उत्तर मुळांत आहे, आणि मला या विषयाची गोडी लागली ती मुळांमुळेच. कोरड्या दिवसांत ती पांढरट, निर्जीव दोऱ्यांसारखी दिसतात. पहिली सर आली की काही क्षणांत हिरवी होतात. त्यांच्यावर मृत पेशींचे स्पंजासारखे वेष्टन असते. ते पाणी पिते, पारदर्शक होते आणि आतले हरितद्रव्य दिसू लागते. भिंगाची गरज नाही, पाण्याचा एक शिंतोडा पुरतो.

बियांची गोष्ट याहून नवलाची. त्या धुळीसारख्या बारीक असतात आणि त्यांच्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. १८९९ मध्ये नोएल बेर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले, की योग्य बुरशी भेटल्याशिवाय हे बी रुजत नाही. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर, बुरशीविना, रोपे वाढवून दाखवली. रोपवाटिकेतली स्वस्त आमरी ही त्या प्रयोगाची देणगी आहे. म्हणून एक आग्रह आताच मांडतो: जंगलातली आमरी ओरबाडून आणू नका. रानात तेवढे रोप उभे राहायला बी, बुरशी आणि साल यांची गाठ पडावी लागते, आणि पुढे कित्येक वर्षे जावी लागतात.

आपल्याकडच्या जाती ओळखायच्या तर फादर सांतापाव आणि कापडिया यांचा 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' (१९६६) हा ग्रंथ अजूनही हाताशी हवा. आमच्या सह्याद्रीतल्या काही डेंड्रोबियम हिवाळ्यात पाने झाडून नुसत्या कांड्यांनिशी उरतात आणि त्याच कांड्यांवर फुलतात. त्या मेल्या असे समजून फेकणारे बागप्रेमी मला भेटले आहेत, आणि दर वेळी जीव हळहळला आहे. सीतेची वेणी ही आमरी मात्र पावसाच्या तोंडावर लोंबत्या घोसांनी फुलते.

आमरीसारखीच दुसरी अपिवनस्पती म्हणजे हवेवर जगणारी टिलँडसिया, पण ती या मातीतली नव्हे. ती अननसाच्या कुळातली, अमेरिका खंडातली. तिची मुळे धरून राहण्यापुरती. पाणी पितात ती पानांवरचे रुपेरी खवले. पुण्याच्या उन्हाळ्यात तिला सकाळी भिजवावे, कारण तिची पर्णरंध्रे रात्री उघडतात आणि तोवर पाने सुकलेली हवीत. कोकणातल्या पावसाळ्यात उलटी काळजी: गाभ्यात पाणी साचले की ती कुजते, म्हणून तिरकी किंवा उलटी बांधावी, वारा लागेल अशी. तांब्याच्या तारेने कधीच नाही, तांबे तिला विषासमान आहे.

आमरी बांधायला झाड निवडताना साल पाहावी. आंबा, फणस, ऐन यांची खडबडीत साल मुळांना धरू देते. पेरूची साल सुटून येते आणि तिच्याबरोबर रोपही. बांधायला सुतळी किंवा काथ्या उत्तम, कारण मुळांनी पकड घेईपर्यंत ती टिकते आणि मग आपोआप कुजून जाते. बांधायची वेळ जूनच्या पहिल्या सरींची, नवी मुळे हिरवी टोके काढतात तेव्हाची.

पहिले प्रकरण सालीचे आहे. ते आपल्या अंगणातल्या झाडापाशी उभे राहून, एक हात खोडावर ठेवून वाचावे, ही विनंती.