मिठाला जागताना

उकडीच्या मोदकाची पारी करताना आधणाच्या पाण्यात चिमूटभर मीठ घालावे लागते. ते घातले तर कोणाच्या लक्षात येत नाही, विसरले तर पहिल्या घासालाच कळते. मिठाचे सारे असेच आहे. आपल्या भाषेने मात्र त्याची पुरेपूर दखल घेतली आहे. आपण खाल्ल्या मिठाला जागतो, दृष्ट काढायला मीठमोहऱ्या घेतो, एखादा बेत फसला तर मिठाचा खडा पडला म्हणतो, आणि नावडतीचे मीठ तर अळणीच असते. खुद्द 'लोणचे' या शब्दातही लवण आहे.

अलीकडे आपल्या वसाहतीतील भगिनींच्या बोलण्यात मीठ वारंवार येऊ लागले आहे. कोणी गुलाबी मीठ आणले, कोणी 'पांढरे मीठ विषासारखे' म्हणून बंदच केले, कोणी उपवासाचे सैंधव रोजच्या आमटीत घालू लागले. या निमित्ताने मिठाचे प्रकार आणि त्यांचा इतिहास एकदा नीट पाहावा म्हणून हा लेखनप्रपंच.

पाच लवणे

चरकसंहितेत मिठाचे पाच प्रकार येतात: सैंधव, सौवर्चल, विड, सामुद्र आणि औद्भिद. सैंधव म्हणजे सिंधुदेशाचे, खाणीतले मीठ. जुन्या मराठीत त्याला शेंदेलोण म्हणत, हिंदीत ते सेंधा नमक. सामुद्र म्हणजे समुद्राच्या पाण्याचे. औद्भिद म्हणजे खाऱ्या जमिनीतून वर फुटून येणारे. सौवर्चल आणि विड ही औषधात आणि पाचकांत वापरायची मिठे. राजस्थानातील सांभर सरोवराच्या मिठाला पुढील ग्रंथांत शाकंभरीय असे नाव मिळाले.

या सर्वांत सैंधव श्रेष्ठ मानले गेले. हिंग्वाष्टक चूर्णात तेच असते, आणि लवणभास्कर चूर्णात तर अनेक लवणे एकत्र येतात. पण चरकसंहितेतच आणखी एक गोष्ट आहे, ती आपण सहसा सांगत नाही. पिंपळी, क्षार आणि लवण हे तीन पदार्थ अतिप्रमाणात सेवन करू नयेत, असा तिथे स्पष्ट इशारा आहे. सैंधवाची थोरवी आणि मिठाच्या अतिरेकाचा धोका, या दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथातल्या आहेत.

आपण ज्याला पादेलोण किंवा काळे मीठ म्हणतो, ते जसेच्या तसे निसर्गात सापडत नाही. साध्या मिठात किंवा सैंधवात हरडा, आवळा, कोळसा यांसारखे पदार्थ घालून ते मातीच्या भांड्यांत बंद करून भट्टीत तासन्‌तास तापवतात. या उष्णतेत गंधकाची संयुगे तयार होतात. काळ्या मिठाचा तो ओळखीचा वास त्यांचाच. भट्टीतून निघालेला खडा काळसर जांभळा दिसतो आणि कुटल्यावर त्याची गुलाबी पूड होते. ताक, पन्हे, चाट आणि जलजिरा यांची लज्जत त्यावरच अवलंबून असते.

राजा, मीठ आणि कर

मिठावाचून कोणाचेच चालत नाही, म्हणून त्यावर कर बसवणे राज्यकर्त्यांना नेहमीच सोयीचे वाटले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'लवणाध्यक्ष' नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. बाहेरून येणाऱ्या मिठाचा सहावा हिस्सा राजाचा आणि भेसळीला दंड, असे नियम त्यात आहेत. मात्र वेदाध्यायी ब्राह्मण, तपस्वी आणि वेठीवर राबणारे मजूर यांना जेवणापुरते मीठ मोफत नेण्याची मुभाही तिथेच दिलेली आहे.

शिवछत्रपतींनी १६७१ साली कुडाळच्या सरसुभेदाराला पाठवलेले पत्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडत असल्याने व्यापारी तिकडे वळू लागले होते आणि स्वराज्यातील मिठागरांचे मीठ पडून राहण्याची भीती होती. महाराजांनी बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितले, म्हणजे ते संगमेश्वराकडील मिठापेक्षा महाग पडेल. हाही करच, पण आपल्या आगरात राबणाऱ्याचे पोट सांभाळण्यासाठी बसवलेला.

इंग्रजांच्या मीठकराची गोष्ट वेगळी आहे, आणि तिचा एक भाग आपल्या भोपाळच्या अगदी जवळचा आहे. किनाऱ्यावरचे आणि राजपुतान्यातले स्वस्त मीठ करावाचून आत येऊ नये म्हणून इंग्रजांनी देशाच्या मधोमध एक जकातरेषा आखली. १८६९ च्या सुमारास तिची लांबी सुमारे २३०० मैल होती. सिंधूपासून निघून ती दिल्ली, आग्रा, झाशी, होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम), खांडवा, बऱ्हाणपूर अशी उतरत पूर्वेकडे महानदीपर्यंत जाई. सुमारे १२ हजार माणसे तिच्यावर पहारा करत. पुष्कळ ठिकाणी या रेषेवर बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंग यांचे जाड कुंपण वाढवले होते. माणूस, बैल, उंट कोणालाही ते ओलांडता येऊ नये असा हेतू होता. हे कुंपण वाढवण्यावर ज्यांनी मेहनत घेतली, त्यांत त्या काळचे जकात आयुक्त अ‍ॅलन ह्यूम हे एक होते. तेच पुढे १८८५ साली राष्ट्रसभेच्या स्थापनेत अग्रभागी राहिले.

सांभर सरोवराचा ताबा १८७० मध्ये करारान्वये इंग्रजांकडे आला. मीठ जिथे तयार होते तिथेच कर घेणे शक्य झाल्यावर कुंपणाची गरज उरली नाही आणि १८७९ साली ही रेषा मोडली गेली. शतकानुशतके बैलांच्या पाठीवर गोणी लादून मीठ देशभर पोहोचवणाऱ्या बंजाऱ्यांचा धंदा अशा जकातनाक्यांनी आणि पुढे आगगाडीने बुडाला. त्यांना मराठीत आपण लमाण म्हणतो. हा शब्द 'लवण'वरूनच आला असे मानतात.

गोखले ते गांधी

१९०२ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. त्यात मीठकर हा त्यांच्या टीकेचा एक मुख्य विषय होता. तेव्हा दर मणाला अडीच रुपये कर होता. सरकारकडे शिल्लक साठत असताना गरिबाच्या मिठावर एवढा कर कशासाठी, हा त्यांचा मुद्दा. पुढच्याच वर्षी कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. आकडेवारी हाती घेऊन केलेल्या शांत युक्तिवादाचे हे फळ आपण सहसा विसरतो.

कर १९२३ मध्ये पुन्हा अडीच रुपये झाला, पुढच्या वर्षी ओरड झाल्यावर निम्मा झाला, पण संपला नाही. १२ मार्च १९३० रोजी ७८ सत्याग्रहींसह गांधीजी साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मीठ उचलले. त्या तुकडीत पंडित नारायण मोरेश्वर खरे हे आपले संगीतकारही होते. पुढे महाराष्ट्रात वडाळा आणि शिरोडा येथील मिठागरांवर सत्याग्रह झाले. समुद्र नसलेल्या वऱ्हाडात अकोल्याजवळ दहीहंडा येथे खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या पाण्यापासून मीठ केले गेले. इकडे मध्यप्रांतात खारे पाणीही नव्हते, तेव्हा बैतूलसारख्या भागांत लोकांनी जंगल सत्याग्रह केला. मीठकर अखेर रद्द झाला तो १ एप्रिल १९४७ पासून.

खेवड्याची प्रसिद्ध सैंधवाची खाण त्याच वर्षी फाळणीत पाकिस्तानात गेली. आज ज्याला 'हिमालयीन गुलाबी मीठ' म्हणून विकतात, ते मुख्यतः याच मिठाच्या डोंगररांगांतले. मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून होणारी सर्व आयात बंद केली. आपल्याकडे हिमाचलात मंडी जिल्ह्यातील द्रंग आणि गुम्मा येथेही खाणीतले मीठ आहे. पण भारतात पिकणाऱ्या मिठाचा फार मोठा वाटा गुजरातचा, आणि त्यातले पुष्कळसे कच्छच्या छोट्या रणात भूगर्भातील खारे पाणी उपसून अगरिया कुटुंबे पिकवतात. पावसाळा सरला की ती रणात जातात आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहतात.

एका खोऱ्यातील धडा

स्वातंत्र्यानंतर मिठाने आणखी एक काम केले, आणि त्याचा गाजावाजा फारसा झाला नाही. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड ही घरोघरची व्याधी होती. पाऊस, बर्फ आणि पूर यांनी जमिनीतले आयोडीन वाहून गेलेले, म्हणून धान्यात नाही आणि पाण्यातही नाही. आयोडीनच्या अभावाने गळ्याची गाठ तर येतेच, पण त्याहून मोठी हानी गर्भातल्या बाळाच्या मेंदूची होते. असे मूल ऐकण्यात, बोलण्यात, बुद्धीत कायमचे मागे राहू शकते.

१९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात एक प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीन मिसळलेले मीठ पुरवले, तिसऱ्यात साधे. काही वर्षांत पहिल्या दोन भागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे उतरले, तिसऱ्यात तसेच राहिले. या पायावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. खाण्याच्या साध्या मिठाच्या विक्रीवर १९९७ मध्ये देशभर बंदी आली, २००० साली ती उठवली गेली आणि मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. या बंदीवर 'गांधींच्या देशात सरकार मीठ ठरवणार का?' असे आक्षेपही आले. छोट्या मिठागरवाल्यांची चिंता खरी होती. पण आईच्या पोटातल्या बाळाला बाजार निवडता येत नाही, हेही तितकेच खरे.

समुद्राच्या पाण्यातून मिळणाऱ्या मिठात आयोडीन आपोआप पुरेसे असते, असा एक समज आहे. तसे नाही. वाळताना आणि साठवणुकीत ते जवळजवळ उरत नाही. सैंधवातही ते नगण्य असते. पाकिटावर 'आयोडीनयुक्त' असे लिहिलेले नसेल तर ते नाही असेच धरावे.

मग घरात काय करावे?

लोणच्याच्या फोडींना आणि माशांना खारवायला खडे मीठ उत्तम. ते हळूहळू विरघळत पाणी सोडवते आणि टिकाऊपणा देते. उपवासाला सैंधव, ताकाला आणि चाटेला पादेलोण, दोन्ही जरूर वापरावीत. रोजच्या भाजी-आमटीला मात्र आयोडीनयुक्त मीठ असावे, विशेषतः घरात गर्भवती किंवा लहान मुले असतील तर. डबा घट्ट झाकणाचा ठेवावा आणि शेगडीपासून दूर, कारण ओलावा आणि उष्णता यांनी आयोडीन कमी होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रमाणाची. मीठ पांढरे असो, गुलाबी असो वा काळे, त्याचा बहुतेक भाग सोडियम क्लोराईडच असतो. गुलाबी मिठातील लोह आणि इतर खनिजे इतकी अल्प असतात की त्यांच्यासाठी ते खाणे म्हणजे कढीपत्त्याच्या पानाने पोट भरणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरसुद्धा नाही. पापड, लोणचे, फरसाण आणि पाव यांतले मीठही त्यातच धरायचे. भारतीयांचे सेवन याहून बरेच अधिक आहे आणि रक्तदाबाशी त्याचा थेट संबंध आहे. 'सैंधव आहे, चालते' म्हणून सढळ हाताने घालणाऱ्याची फसगत इथेच होते. कमी सोडियमची, पोटॅशियम मिसळलेली मिठेही आता मिळतात, पण मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

हेच मीठ योग्य मापात जीवही वाचवते. १९७१ च्या युद्धकाळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आज घरी जुलाब झालेल्या मुलासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून दिले जाते, ते याच तत्त्वावर. त्यातही मीठ वाढवले तर अपायच होतो.

कौटिल्याच्या लवणाध्यक्षापासून कांगड्याच्या खोऱ्यापर्यंत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. श्रीमंताला मीठ कधीच कमी पडले नाही. मिठाचा प्रत्येक निर्णय, मग तो कराचा असो वा आयोडीनचा, गरिबाच्या ताटात जाऊन ठरला. आज कोणते मीठ घ्यावे याची निवड आपल्या हातात आहे, आणि तिच्यामागे गोखल्यांची आकडेवारी, मिठागरांवर लाठ्या खाल्लेली माणसे आणि खोऱ्याखोऱ्यांतून हिंडलेले डॉक्टर आहेत. तेव्हा वाण्याकडून पुढचे पाकीट घेताना रंगापेक्षा त्यावरची अक्षरे वाचावीत, आणि घरी धुणी-भांडी करायला येणाऱ्या मावशींच्या घरी कोणते मीठ येते, तेही एकदा विचारावे. खाल्ल्या मिठाला जागणे यापेक्षा वेगळे ते काय?