गाय हौदाला तोंड लावून मागे सरते? गोठ्यातला करंट एकदा तपासून घ्या

पुणे : गाय हौदापाशी येते, पाण्याला नाक लावते आणि झटकन मान मागे घेते. मग नुसती जीभ लावून चाटल्यासारखं पाणी पिते. धारेच्या वेळी पाय झाडते, एरवी शांत असलेली गाय मशीन लावू देत नाही. डॉक्टर तपासतात तर ताप नाही, कासेचा दाह नाही. अशा वेळी गोठ्यात कुठे बारीक करंट उतरतोय का, हे बघायला हवं. आपल्याकडे हे कारण सहसा शेवटी आठवतं, तोवर औषधांवर पैसा गेलेला असतो.

या करंटला भटकी वीज म्हणतात. तारेतून गेलेली वीज न्यूट्रलमधून परत जायला हवी. न्यूट्रलचा जोड सैल असेल, गंजला असेल, डीपीचं अर्थिंग सुकलं असेल किंवा मोटारीच्या वायरचं प्लास्टिक उंदराने कुरतडलं असेल, तर यातली थोडी वीज जमिनीतून वाट काढते. ओला कोबा, लोखंडी दावण, गव्हाणीचा पाइप, पाण्याची टाकी यांच्यात एक-दोन व्होल्टचा फरक पडतो. गावोगाव आणखी एक वाईट सवय आहे. न्यूट्रल गेला की अर्थिंगच्या तारेवरच बल्ब नाहीतर मोटार चालवायची. अशाने ती सगळी वीज जमिनीत जाते आणि शेजारच्या गोठ्यालाही त्रास होतो.

माणसाला कळत नाही, गाईला कसं कळतं?

माणसाच्या पायात चप्पल असते, हात कोरडे असतात. गाय चार उघड्या खुरांवर शेण-मुतात उभी असते आणि तिचं नाक कायम ओलं. तिच्या शरीराचा विजेला होणारा विरोध अभ्यासक साधारण ५०० ओहम धरतात. म्हणजे एका व्होल्टला तिच्या अंगातून २ मिलिअँपिअर वीज जाते. काही गाईंना एवढंही जाणवतं आणि ३ ते ४ मिलिअँपिअरला बऱ्याच गाई अंग चोरतात. माणूस तोच पाइप हातात धरून ‘काही नाही इथं’ म्हणतो.

दूध कमी होण्याचं कारण बहुतेकदा थेट करंट नसतो. गाय पाणी कमी पिते, गव्हाणीकडे जायला कचरते, म्हणून दूध घटतं. धारेच्या वेळी झटका बसला तर ती घाबरते, पान्हा नीट सोडत नाही आणि सडात दूध राहतं. रोज असं दूध मागे राहिलं की कासेचा दाह व्हायची भीती वाढते. उरुळी कांचनला १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी बाएफ सुरू केली, तिथून जिल्ह्यात संकरित गाई वाढल्या. जादा दूध देणाऱ्या या गाईला पाणीही भरपूर लागतं, त्यामुळे हौदावरचा करंट तिला जास्त महागात पडतो.

परदेशात यावर वर्षानुवर्षं अभ्यास झाला आहे. १९६० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये, पुढे अमेरिकेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९१ मध्ये यावर एक पुस्तिकाच काढली. त्यातून हेही दिसलं की दूध घटलं की दरवेळी विजेला दोष देता येत नाही. एप्रिल-मेचा उन्हाळा, बदललेली पेंड, दाह ही कारणं कितीतरी जास्त वेळा असतात. ती आधी तपासावीत.

टेस्टर लावून उपयोग नाही

साधा टेस्टर एक-दोन व्होल्टला पेटतच नाही. त्यासाठी डिजिटल मल्टिमीटर लागतो, तो काही शे रुपयांत मिळतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक हौदाच्या नळाला किंवा दावणीला लावायचं. दुसरं टोक गाय जिथे उभी राहते तिथे ओल्या फडक्यावर ठेवलेल्या पत्र्याच्या तुकड्याला. दोन टोकांच्या मध्ये ५०० ओहमचा रेझिस्टर जोडला तर गाईला खरंच किती बसतं याचा चांगला अंदाज येतो. हे काम वायरमनला सोबत घेऊनच करावं. आकडा १० व्होल्टच्या वर गेला किंवा हाताला झिणझिण्या आल्या तर मोजत बसू नका. मेन स्विच बंद करा, जनावरं बाहेर काढा.

सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी आणि शेजारची मोटार चालू असताना मोजा, कारण हा करंट चोवीस तास नसतो. मग मिल्किंग मशीन, कडबाकुट्टी, बोअरची मोटार एकेक बंद करून आकडा बघा. एखादी वस्तू बंद केल्यावर तो उतरला तर दोष तिच्यात. मेन स्विच बंद करूनही राहिला तर वीज बाहेरून, बहुधा डीपीच्या न्यूट्रलवरून येते. तिथे घरच्या वायरमनने हात घालायचा नाही, महावितरणकडे १९१२ वर तक्रार नोंदवून नंबर लिहून ठेवायचा.

आरसीसीबी बसवली म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. ती साधारण ३० मिलिअँपिअरला पडते आणि माणसाचा जीव वाचवते, म्हणून हवीच. पण गाईला त्रास देणारा ३-४ मिलिअँपिअरचा करंट तिला कळत नाही. नवा गोठा बांधणार असाल तर कोब्याखाली लोखंडी जाळी घालून दावण, पाइप, टाकी आणि जाळी एकमेकांना व अर्थिंगला जोडून घ्या. सगळ्याची पातळी एक झाली की गाईच्या तोंडात आणि खुरात फरकच उरत नाही. जुन्या गोठ्यात निदान लोखंडी भाग तरी जोडता येतात. रबरी मॅट कोरडी असेल तोवरच कामाची.

तुटून पडलेल्या तारेची गोष्ट वेगळी. तिथे जमिनीवरच मोठा दाब असतो आणि गाईच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून माणसाआधी जनावर जातं. अशा ठिकाणी जनावर सोडवायला धावू नका, आधी लाइन बंद करून घ्या. जनावर दगावलं तर जागेवरून हलवण्याआधी फोटो काढा, महावितरणला लेखी कळवा, पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन करून घ्या. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे अशा अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षक करतात. भरपाई मागताना त्यांच्या अहवालाला वजन असतं, त्यामुळे त्याची प्रत मागून घ्यावी.