इसेची देवदर्शन-गाडी

देवस्थान आणि आगगाडी यांचा विषय निघाला की आपल्याकडे पंढरीला जाणाऱ्या बार्शी लाईट रेल्वेचे नाव सहज ओठी येते. जपानात तर एका रेल्वे कंपनीने आपले नावच ‘सांगू क्युको’ असे धारण केले होते. ‘सांगू’ म्हणजे महामंदिराचे दर्शन आणि ‘क्युको’ म्हणजे द्रुतगाडी. हे महामंदिर इसे येथील होय. त्याच्या आतल्या मंदिरात सूर्यदेवता आमातेरासू हिची आणि बाहेरच्या मंदिरात अन्नदेवता तोयोउके हिची उपासना होते. दर वीस वर्षांनी ही मंदिरे शेजारच्या मोकळ्या जागेत नव्याने बांधून देवतेस तेथे नेण्याची प्रथा आहे. पूर्वी लाखो भाविक दूरदूरच्या प्रांतांतून पायी इसेला येत. आपल्या वारीची आठवण व्हावी असेच ते दृश्य असले पाहिजे.

या कंपनीचा विद्युत्-मार्ग १९३० च्या अखेरीस इसे नगरीत पोहोचला आणि १९३१ च्या मार्चमध्ये उजि-यामादा स्थानक उघडले. ओसाकाहून डोंगर पोखरून आलेली गाडी दोन तासांच्या घरात यात्रेकरूस देवाच्या दारी आणू लागली. मागाहून विलीनीकरणे होत होत १९४४ मध्ये या सर्वांची मिळून ‘किन्तेत्सू’ ही कंपनी झाली.

जपान युद्धात होरपळून निघाला होता. अशा वेळी १९४७ च्या ऑक्टोबरात या खाजगी कंपनीने ओसाका आणि नागोया यांच्या दरम्यान ‘तोक्क्यू’, म्हणजे मोजकेच थांबे घेणारी व जादा आकार भरणाऱ्या प्रत्येकास हक्काचे आसन देणारी गाडी सुरू केली. सरकारी रेल्वेची तोक्क्यू पुन्हा धावू लागली ती १९४९ साली! परंतु एक अडचण होती. ओसाकाकडील रूळ १४३५ मिलिमीटर रुंदीचे, तर नागोयाकडील १०६७ चे. त्यामुळे इसे-नाकागावा येथे उतरून गाडी बदलणे भाग होते. मिरजेस मीटर गेजमधून ब्रॉड गेजमध्ये सामान हलविलेल्या बेळगावकरांस हा त्रास समजावून सांगण्याची गरज नाही.

रूळ रुंद करण्याची तयारी चाललेली असतानाच २६ सप्टेंबर १९५९ रोजी इसे उपसागरावर भीषण वादळ आले. पाच हजारांहून अधिक माणसे मेली वा नाहीशी झाली आणि नागोयाचा मार्ग पाण्याखाली गेला. कंपनीचे अध्यक्ष साएकी इसामू यांनी ठरविले की, जुना मार्ग पूर्ववत् करून पुन्हा उखडण्यापेक्षा दुरुस्तीबरोबरच तो रुंद करावा. सुदैवाने मोठ्या नद्यांवरील नवे पूल वादळातून वाचले होते. टप्प्याटप्प्याने केवळ नऊ दिवसांत, २७ नोव्हेंबरला, रूळ रुंद झाले. आणि १२ डिसेंबरपासून दुमजली ‘व्हिस्टा कार’ ओसाकाहून थेट नागोयास धावू लागली. संकटात सापडलेल्या संस्थेने इतका धीराचा निर्णय घेतल्याची उदाहरणे आमच्या मते विरळाच.

हे वैभव फार टिकले नाही. १९६४ साली शिन्कान्सेन सुरू होताच ओसाका-नागोया प्रवासी तिकडे वळले आणि थेट गाडी दोन डब्यांवर आली. मग कंपनीने पुन्हा इसेकडे तोंड फिरविले. १९७० मध्ये तोबाचा नवा मार्ग बांधून गाड्या काशिकोजिमाच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेल्या. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १९७१ रोजी, डोंगरातील एकेरी मार्गावर, उतारावर ब्रेक निकामी झालेली तोक्क्यू समोरून येणाऱ्या तोक्क्यूवर आदळली आणि २५ जण प्राणास मुकले. तो मार्ग १९७५ मध्ये दुहेरी झाला; त्यासाठी साडेपाच किलोमीटरांहून लांब नवा बोगदा खणावा लागला.

२०१३ हे बासष्टाव्या मंदिर-नवीकरणाचे वर्ष. त्या मार्चमध्ये ‘शिमाकाझे’ ही उपाहारगृहाचा डबा असलेली गाडी ओसाका व नागोयाहून, आणि पुढल्या वर्षी क्योतोहूनही सुरू झाली. पुढील नवीकरण २०३३ साली यावयाचे आहे. रिवाजाप्रमाणे प्रथम बाहेरच्या मंदिराचे दर्शन घ्यावयाचे; ते इसे-शी स्थानकाहून पायी गाठता येते. आतले मंदिर मात्र काही किलोमीटर दूर आहे. तेथवर रूळ नाहीत; यात्रेकरू बसने जातो आणि इसुझू नदीवरील लाकडी उजि पूल पायीच ओलांडतो.