समुद्रबर्फावरील हिमद्रवणाचा आरंभ : उपग्रहनोंदींचा इतिहास

लोहा परिसरातील शेतकरी वळवाच्या सरीस पावसाळा म्हणत नाही. जमिनीत पेरणीजोगी ओल साठल्यावरच तो तिफण धरतो. हा अदमास चुकल्यास दुबार पेरणी ओढवते. आरंभ कशास म्हणावे, हाच प्रश्न आर्क्टिक महासागरातील हिमद्रवणाच्या अभ्यासकांपुढेही उभा राहिला.

समुद्राचे पाणी गोठून होणारा बर्फ आणि त्यावर साचणारे हिम हे दोन भिन्न पदार्थ होत. कोरडे हिम सूर्यप्रकाशाचा सुमारे ८० टक्के भाग परावर्तित करते. भिजताच हे प्रमाण घटते व अधिक उष्णता शोषली जाते. त्यामुळे द्रवणाचा आरंभ थोडा अलीकडे आला तरी बर्फाचा क्षय वाढतो.

ढगांमुळे साधी छायाचित्रे येथे अपुरी पडतात. सूक्ष्मतरंग मात्र ढग भेदतात. हिमात पाण्याचा अंश येताच हिमाचे सूक्ष्मतरंगी उत्सर्जन वाढते, तर अनेक वर्षे टिकलेल्या बर्फावरून येणारा रडारचा प्रतिध्वनी क्षीण होतो. १९७८ मधील निंबस-७ पासून उत्सर्जनाच्या नोंदींची मालिका सुरू झाली. तिच्या आधारे मार्कस, स्ट्रोव्ह व मिलर यांनी २००९ साली पहिला ओलावा आणि अखंड द्रवण असे दोन दिनांक पृथक् मानले व द्रवणाचा हंगाम तीन दशकांत सुमारे २० दिवसांनी लांबल्याचे दाखविले.

रडारच्या नोंदींचा इतिहास इतका सलग नाही. १९९९ मधील क्विकस्कॅट हा उपग्रह मुळात सागरी वारे मोजण्यासाठी होता. हिमाची नोंद हे त्याचे आनुषंगिक फळ. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याचा फिरता अँटेना थांबला. दोनच महिने आधी, २३ सप्टेंबर रोजी, भारताचा ओशनसॅट-२ श्रीहरिकोट्याहून सुटला होता. त्याच्या स्कॅटरोमीटरची वारंवारता, १३.५ गिगाहर्ट्झ, जवळजवळ तीच असल्याने दोन्ही नोंदींचा मेळ घालणे शक्य झाले. तथापि फेब्रुवारी २०१४ मध्ये हे उपकरणही बंद पडले आणि स्कॅटसॅट-१ निघाला तो २६ सप्टेंबर २०१६ रोजी. मधले तीन उन्हाळे भारतीय नोंदीविना गेले. युरोपीय रडारच्या नोंदी उपलब्ध होत्या; परंतु त्यांची तरंगलांबी निराळी असल्यामुळे जुने निकष त्यांस जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

ही उणीव दूरची मानता येत नाही. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या संशोधकांनी २०२१ साली कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाची घट आणि भारतातील सप्टेंबरची अतिवृष्टी यांचा संभाव्य संबंध मांडला. सप्टेंबरात लोह्याच्या शिवारात सोयाबीन शेंगांनी भरलेले असते. तो संबंध कितपत खरा, हे ठरविण्यास सलग नोंदींखेरीज दुसरे साधन नाही.