विज्ञानकथेतला देव आणि दुःखाचा प्रश्न

जगात देव असेल तर निरपराधांच्या वाट्याला यातना का, हा धर्मशास्त्रातला जुना पेच विसाव्या शतकात विज्ञानकथेने आपलासा केला. हे लिहिणाऱ्यांपैकी काहींनी युद्ध जवळून पाहिले होते. ओलाफ स्टेपल्डन हा इंग्रज लेखक पहिल्या महायुद्धात क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात होता. १९३७ साली आलेल्या त्याच्या ‘स्टार मेकर’ कादंबरीतला निर्माता विश्वामागून विश्वे घडवतो, पारखतो आणि पुढच्याकडे वळतो. प्राणिमात्रांच्या दुःखाने तो विरघळत नाही. श्रद्धावान ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांना हा शेवट सैतानपूजेसारखा वाटला.

आर्थर क्लार्कने १९५५ मध्ये ‘द स्टार’ या छोट्याशा कथेत हाच पेच गणिताने मांडला. एक जेझुइट खगोलशास्त्रज्ञ स्फोट होऊन गेलेल्या ताऱ्याचे अवशेष तपासतो. त्या स्फोटात एक सुसंस्कृत जमात जळून गेलेली असते आणि तोच प्रकाश बेथलेहेमवर येशूच्या जन्मावेळी चमकलेला असतो. क्लार्क स्वतः नास्तिक. तरी कथेतल्या पाद्र्याची त्याने कुठेही टिंगल केलेली नाही.

या परंपरेतली सर्वांत वजनदार कृती मात्र वॉल्टर मिलरची. दुसऱ्या महायुद्धात हा अमेरिकन तरुण बॉम्बफेकी विमानात रेडिओचालक आणि मागच्या मशीनगनवरचा नेमबाज होता. इटलीतला मॉन्टे कॅसिनोचा मठ संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात उभारलेला. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी तो उद्ध्वस्त केला, त्या हल्ल्यात मिलरही होता. आत आसऱ्याला आलेले सामान्य लोक मेले. १९४७ साली मिलर कॅथलिक झाला.

‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ ही त्याची कादंबरी पुस्तकरूपाने आली १९५९ च्या अखेरीस. अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेत वाळवंटातले साधू जुन्या विज्ञानाचे कागद जिवापाड जपतात. त्यात एक वाणसामानाची यादीही पवित्र ठरते. विनोद इथवरच. शेकडो वर्षांनी पुन्हा अणुबॉम्ब पडतात. किरणोत्साराने पोळलेली एक आई लेकराला घेऊन सरकारी ‘दयामरण’ छावणीकडे निघते. मठाधिपती झेर्ची तिला अडवतो, वेदना देवाला अर्पण कर म्हणतो. ती ऐकत नाही. पुढे झेर्ची स्वतःच ढिगाऱ्याखाली चिरडून तडफडत मरतो. कॅथलिक मिलरने दयामरणाची शिफारस करणाऱ्या डॉक्टरची बाजूही दुबळी केली नाही, हे या प्रसंगाचे खरे बळ.

१९९६ मध्ये मेरी डोरिया रसेल यांच्या ‘द स्पॅरो’त परग्रहावर गेलेला जेझुइट एमिलिओ सांदोझ छळ सोसून एकटाच परततो. टेड चँगने २००१ साली ‘हेल इज द ॲब्सेन्स ऑफ गॉड’ या कथेत बाजू उलटवली: तिथे देवाच्या अस्तित्वाबद्दल कुणालाच शंका नाही. देवदूत उघडउघड येतात, कुणाचे आजार बरे होतात, तर कुणी त्यांच्या येण्यानेच मरतो. पुरावा हाती आला तरी दुःखाचे कोडे तसूभर सुटत नाही. या कथेला २००२ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.