अर्धायुष्य, किरणोत्सर्गी

किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या साठ्यातील निम्म्या अणुकेंद्रांचा ऱ्हास होण्यास लागणारा काळ. आंरी बेक्रेल यांना १८९६ मध्ये युरेनियमच्या लवणांतून निघणाऱ्या किरणांचा शोध लागला. पुढे १९०० मध्ये अर्नेस्ट रदरफर्ड यांनी थोरियमपासून निघणाऱ्या वायूची सक्रियता सुमारे दर मिनिटाला निम्मी होते, असे मोजून दाखविले. एखाद्या अणुकेंद्राचा ऱ्हास केव्हा होईल हे सांगता येत नाही. मग अर्धायुष्य इतके नेमके कसे, अशी शंका येते. चिमूटभर पदार्थातही अब्जावधी अब्ज अणुकेंद्रे असतात आणि प्रत्येकाच्या ऱ्हासाची संभाव्यता सारखीच असते, म्हणून एकूण घट ठरावीक प्रमाणातच होते. पदार्थ तापविला किंवा त्याचे संयुग बनविले, तरी अणुकेंद्रावर परिणाम होत नसल्याने अर्धायुष्य व्यवहारात तेच राहते.

अर्धायुष्य मोठे म्हणजे धोका मोठा, हा समज मात्र आकड्यांपुढे टिकत नाही. अणुकेंद्रांची संख्या सारखी असेल, तर अर्धायुष्य जितके मोठे तितका ऱ्हासाचा वेग कमी. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे. त्याच्या १ ग्रॅममध्ये दर सेकंदाला सुमारे १२,४०० अणुकेंद्रांचा ऱ्हास होतो. सुमारे १,६०० वर्षे अर्धायुष्याच्या रेडियम-२२६ मध्ये ही संख्या ३,७०० कोटींच्या आसपास, तर अवघ्या ८ दिवसांच्या आयोडीन-१३१ मध्ये सुमारे ४६ लाख अब्ज भरते. चेर्नोबिलच्या १९८६ मधील अपघातानंतर हेच अल्पायुषी आयोडीन दुधावाटे मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत साठले आणि पुढे त्या भागात या ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले.

तर मग दीर्घायुषी समस्थानिके निर्धोक मानावीत काय? तसेही नाही. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षे आहे. त्याचे आल्फा कण कातडीच्या बाह्य थरातच अडतात. परंतु त्याची धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेली, तर तेच कण लगतच्या पेशींना इजा करतात. धोका किती, हे किरणांचा प्रकार, पदार्थाचे प्रमाण आणि शरीरात शिरण्याची वाट यांवरही ठरते. दक्षता किती काळ बाळगावी, हे मात्र अर्धायुष्यच सांगते. दहा अर्धायुष्यांनंतर मूळ साठ्याचा हजारावा हिस्साही उरत नाही. आयोडीन-१३१ साठी हा काळ ८० दिवसांचा, म्हणून रुग्णालयातील आयोडीनयुक्त कचरा काही महिने वेगळा ठेवणे पुरते. प्लुटोनियमसाठी तो २,४१,००० वर्षांचा आहे. तेवढी राखण कोणतीही पिढी स्वतः करू शकत नाही, म्हणून तो भार भूगर्भातील स्थिर खडकांवर सोपवावा लागतो.